रेघेची जाडी

पेन्सिलीला टोक काढलं की काकाजी आधी ते डाव्या अंगठ्याच्या नखावर ओढून बघत. नखावरची रेघ पसंत पडली तरच ती पेन्सिल नकाशाला लागायची. मग समोर जो कोणी असेल त्याला ऐकावं लागायचं, "रेघेलेबी जाडी असते, बापू."

वर्ध्यातल्या आमच्या कचेरीत ते मुख्य ड्राफ्ट्समन होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे गिरवणारा ट्रेसर. हे वाक्य मी इतकं ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. असा एकाच वाक्याचा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आधी त्याचं हसू येतं, आणि तो नसला की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वाक्य खरंच होतं. आमच्या जुन्या छापील नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली की तिच्याखाली पंचवीस मीटर जमीन झाकली जायची. कोणी इंजिनियर तोच नकाशा मोठा करून मागायला आला की काकाजी चष्मा काढायचे. "फोटो मोठा केला म्हणून माणूस उंच होत नाई, साहेब." साहेब हसायचे, चहा प्यायचे आणि नकाशा मोठा करून घेऊन जायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा नागपुराहून कम्प्युटरवर काढलेला नकाशा आला. आष्टीकडे एक तलाव व्हायचा होता. त्याचं पाणी कुठवर चढेल ती बुडीत रेषा त्यात होती. कागद एवढा मोठा की घर न् घर मांडता यावं. एकेका बिंदूच्या उंचीचा आकडा मीटरच्या पुढे टिंब देऊन छापलेला. आणि रेघ केसाएवढी. काकाजींनी ती भिंगातून पाहिली, मग स्वतःचं नख पाहिलं. "एवढी बारीक रेघ माह्या हातून जिंदगीत निघाली नाई," ते म्हणाले.

त्या रेघेनंच त्यांचा घात केला.

तळेगावच्या पलीकडे एका लहान गावात त्यांची मोठी बहीण राहायची. विधवा, एकटी. त्या तलावात गाव अर्धं बुडणार होतं. बुडणाऱ्यांना माळावरच्या नव्या गावठाणात प्लॉट मिळत होते, आणि तिच्या गल्लीतल्या बाया शेजारी-शेजारी प्लॉट मागून घेत होत्या. काकाजींनी नकाशावर पट्टी लावून तिच्या घराची जागा मांडली. रेघ अंगणाच्या खालच्या बाजूनं, उतारावरून जात होती. दहा-एक मीटरांनी घर वाचत होतं.

आम्ही दोघं एसटीनं गेलो. "ताई, घर वाचलं," ते म्हणाले. "अर्ज काऊन करतं? पाणी तुह्या अंगणाखालीच थांबते."

"पक्कं ना, भाऊ?"

"मशीननं काढलं हाये."

मशीननं ते आमच्याच जुन्या नकाशावरच्या उंचीच्या रेघा गिरवून काढलं होतं. जाड रेघ आत गेली, बारीक होऊन बाहेर आली. पंचवीस मीटरांचा घोळ तसाच राहिला. हे काकाजींना नाही तर कोणाला कळायचं? पण बहिणीचं घर रेघेबाहेर दिसलं आणि जन्मभराचं वाक्य नेमकं त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

पुढे जागेवर मोजणी होऊन दगड रोवले गेले. बुडीत रेषेचा दगड तिच्या घराच्या मागे, चढावर आला; घर पाण्यात जाणार होतं. तोवर गल्लीतल्या बाया नव्या गावठाणात एका ओळीत जाऊन बसल्या होत्या. ताईच्या वाट्याला पार टोकाचा, अनोळखी माणसांतला प्लॉट आला. ती तिकडे गेलीच नाही, नालवाडीला काकाजींच्याच घरी राहिली. तिनं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. काकाजींनी नखावर रेघ ओढणं सोडलं. हाताला येईल ती पेन्सिल उचलत. ते वाक्य आम्ही पुन्हा ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. ते गेल्यावर मी नालवाडीला भेटायला गेलो तेव्हा ताई ओसरीत बसली होती. भिंतीवर जिल्ह्याचा नवा नकाशा होता, तलावासकट.

"बापू, याच्यात माह्यं घर कुठी होतं थे दाखव," ती म्हणाली. "भाऊले इचाराची हिंमत नाई झाली कधी."

मी त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बोटाखाली तलाव, गाव, माळ, सगळंच झाकलं गेलं.

"बोट काढ ना. दिसू दे."

मला ते काढवेना.