घेण्यापूर्वी बाटली हलवावी

याकोबराव कंपौंडर कात्री चालवण्याआधी डोळे मिटत.

नाशकात रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता. आत डॉक्टर रोग्याला तपासत आणि चिठ्ठी लिहून देत. ती घेऊन बाहेरच्या खिडकीशी रांगेत उभं राहायचं. खिडकीच्या पलीकडे याकोबराव. रोग्याने घरून आणलेली बाटली ते विसळत, तिच्यात मिक्श्चर भरत, मग कागदाची लांब पट्टी घडीवर घडी घालून दुमडत आणि कडेला कात्री लावत. उलगडली की पट्टीला दाते पडलेले असत. ती खळीने बाटलीला चिकटवायची. जितके दाते तितके डोस. हे सगळेच कंपौंडर करतात. याकोबराव दोन गोष्टी जास्त करत. पट्टी दुमडून झाली की क्षणभर डोळे मिटत, आणि चिकटवून झाली की प्रत्येक दात्याशेजारी टाकाने एकेक शब्द लिहीत.

घाईच्या माणसाला हे सोसत नसे. उस्मानचाचा टांगेवाले रांगेच्या शेवटून ओरडत, “ओ कंपौंडरसाब, घोडा बाहेर खडा है, डोळे उघडा की!”

“राहू दे खडा जरा, चाचा,” आतून उत्तर येई. “दिवसभर पळतोच आहे बिचारा.”

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. माझे वडील शाळामास्तर. समाजसुधारणेची पत्रकं जमवायचा त्यांना नाद. माळ्यावर गठ्ठे असत. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरूनच. इतर मुली ओव्या ऐकत मोठ्या झाल्या असतील. मी ‘बंधुभगिनींनो, जागे व्हा!’ वाचत मोठी झाले. उद्गारचिन्हावर माझी गाढ श्रद्धा होती.

मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती वर्षं. मंदिरप्रवेशाच्या वादाने गाव दुभंगलेलं, आणि कोण कोणाला कोणत्या धर्मात ओढतो आहे यावर ओट्याओट्यावर भांडणं. अशात शेजारच्या काकूंकडून कळलं की दवाखान्यातला ख्रिस्ती कंपौंडर बाटल्यांवर धर्म चिकटवतो. मी ते पाहायला गेले नाही. आधी लिहिलं. ‘बाटलीतला धर्म!’ हा मथळा. गरीब रोग्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्याच्या औषधावर बायबलातली वचनं डकवली जातात, असं मी चार परिच्छेदांत ठणकावून सांगितलं आणि खाली सही केली, ‘एक जागृत भगिनी’. मेन रोडपासून पंचवटीपर्यंत ते पत्रक वाटलं गेलं.

वडिलांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “कोणती वचनं लिहितात गं ते? एखादं दिलं असतंस तर जोर आला असता.”

मला एकही माहीत नव्हतं. ती उणीव मनाला टोचत राहिली. दुसऱ्या दिवशी मी खोटा खोकला आणि खरी बाटली घेऊन दवाखान्यात गेले.

माझ्यापुढे मखमलाबादहून झेंडू आणि भाजी घेऊन येणारी सखूबाई माळीण होती. तिचा नवरा तापाने पडला होता. बाटली हातात येताच ती म्हणाली, “दादा, आज काय लिवलं त्याला? वाचून दावा.”

“पहिल्याला ‘धीर’,” याकोबराव बोटाने दाखवत म्हणाले. “दुसऱ्याला ‘भाकर’.”

“भाकर? ही काय औषिदाची गोष्ट हाय?”

“कालपासून जेवला नाही म्हणालीस ना? दुसऱ्या डोसानंतर मागेल बघ.”

“लय बोलता तुम्ही. अन् नाय मागितली तर?”

“तर तू खा. उपाशी बाईच्या हातून सेवा होत नाही.”

सखूबाई पदर तोंडाला लावून हसली आणि गेली. माझी बाटली आत गेली. डोळे मिटले, कात्री चालली, टाक चालला. बाहेर आली तेव्हा तिच्यावर तीन शब्द होते. ‘पाणी’, ‘झोप’, ‘ऐक’.

मी बाटली फिरवून पाहिली. कुठे वचन नाही, कुठे प्रभूचं नाव नाही. माझी निराशा झाली, आणि निराश झाले की मी भांडत असे. “यात तुमचा येशू कुठे आहे, सांगा!”

याकोबराव पन्नाशीचे, ठेंगणे, कपाळावर शाईचा डाग असलेले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे टाक पुसला. “ते माझं औषध आहे, ताई. तुमच्या बाटलीत माझं औषध कसं घालू?”

“मग डोळे का मिटता, सांगा!”

“रोग्याचं नाव सांगतो प्रभूला. आजार सांगतो. डॉक्टरसाहेबांना जे सांगितलं तेच त्यालाही.”

“एवढ्या थोड्या वेळात?”

“तो लवकर ऐकतो. रांगही मोठी असते.”

मागून कोणीतरी ढकललं आणि मला निघावं लागलं. पण मी परत गेले. पुढच्या पंधरवड्यात चार-पाचदा गेले. खोकल्याचं सोंग दुसऱ्याच खेपेला गळून पडलं. दुपारी रांग संपली की ते खिडकीशी स्टूल ओढून बसत आणि मी बाहेरून प्रश्न विचारी. मला हा माणूस उलगडत नव्हता, आणि न उलगडणारी वस्तू मला घरात ठेववत नाही.

ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी का लिहिता, असं मी विचारलं. ते म्हणाले, “औषधाचं नाव तरी कुठे वाचता येतं त्यांना? तरी पोटात उतरतंच.” शब्द कसा निवडता, असं विचारलं. “रोग्यालाच विचारतो. उस्मानचाचांचा गुडघा धरतो, त्यांनी ‘सबर’ सांगितला, म्हणजे सबुरी. माझ्या पोतडीत तो शब्द नव्हता. आता मीही वापरतो.”

एकदा मी जरा छद्मीपणे विचारलं की रविवारी तुमच्या देवळात प्रार्थना करताच, मग रोज दर बाटलीमागे कशाला? त्यांनी फळीवरची एक बाटली काढून माझ्यासमोर धरली. वर गुलाबी पाणी, तळाला पांढरा गाळ.

“यावर ‘घेण्यापूर्वी बाटली हलवावी’ असं का लिहितात? औषध तळाला बसतं म्हणून. न हलवता प्यायलं की माणूस नुसतं रंगीत पाणी पितो आणि म्हणतो, गुण नाही. विश्वासाचं तसंच आहे, ताई. रविवारी ढवळलेला सोमवारी दुपारपर्यंत तळाला. वरून रंग अगदी तसाच दिसतो, ही गंमत. म्हणून मी दर बाटलीला हलवतो. बाटली नव्हे, स्वतःला.”

“आणि एकदाच काय ते पक्कं करून टाकलं तर?”

“तुम्हाला सगळे डोस एका घोटात हवेत,” ते हसले. “ओकारी होते त्याने.”

माझं पत्रक दरम्यान आपलं काम करत होतं. ते दवाखाना चालवणाऱ्या मंडळींपर्यंत पोचलं. दोन वेळा काही तरुणांनी खिडकीपुढे येऊन घोषणा दिल्या. डॉक्टरसाहेब भले पण भित्रे. त्यांनी मला याकोबरावांशी बोलताना पाहिलं होतं, म्हणून एक दिवस मलाच बाजूला घेऊन म्हणाले, “शनिवारी पंचांची बैठक आहे. यांना काढायचं चाललंय. राहती खोलीही दवाखान्याच्या आवारातली. नवराबायको जातील कुठे?”

मी तडक खिडकीशी गेले आणि म्हणाले, “ते पत्रक माझं आहे.”

“ठाऊक आहे,” याकोबराव म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. पत्रकात ‘सांगा, सांगा!’ आणि खिडकीशीही ‘सांगा, सांगा!’ पहिल्याच दिवशी ओळखलं.”

रागाचा एक शब्द नाही. मी घरी गेले आणि एका बैठकीत दुसरं पत्रक लिहिलं. याकोबरावांच्या पट्टीवर धर्माचा लवलेश नाही, आहे ती निव्वळ माणुसकी, असं त्यात ठासून मांडलं. शिवाय पंचांपुढे ठेवायला एक ओळ तयार केली, ‘माझ्या पट्टीवरील शब्दांचा माझ्या धर्माशी काही संबंध नाही.’ डॉक्टरसाहेबांना ती फार आवडली. एवढ्यावर याकोबरावांनी सही केली की प्रकरण मिटलं, असं ते म्हणाले. दोन्ही कागद मी विजयी मुद्रेने खिडकीतून आत सरकवले.

याकोबरावांनी ते दोनदा वाचले. मग प्रथमच त्यांचा आवाज चढला.

“पहिल्या पत्रकात तुम्ही मला लबाड म्हणालात. ते खोटं होतं, पण मला चाललं. माझ्या प्रभूला तुम्ही हात लावला नव्हता. दुसऱ्यात मला चांगला ठरवायला त्यालाच बाहेर काढलंत.”

“पण तुमची नोकरी...”

“ती दिसते आहे मला. घरी आमच्या रूथबाईंनाही दिसते. अहो, मी चिडका माणूस आहे. रांग वाढली की हात शिवशिवतात माझे. डोळे मिटतो तेव्हा कुठे समोरचा माणूस दिसतो मला. आणि तुम्ही लिहिता, संबंध नाही!”

त्यांनी सहीची ओळ घडी करून परत दिली.

शनिवारी पंच दवाखान्याच्या पडवीत बसले. बाहेर अंगणात रोगी, घोषणावाले, उस्मानचाचा, सखूबाई आणि मी. अध्यक्ष धान्याचे व्यापारी होते, माणूस सरळ. त्यांनी एक बाटली हातात घेऊन पट्टी वाचली. “धीर. सबर. भाकर. यात आक्षेपार्ह काय ते मला तरी दिसत नाही. याकोबराव, धर्माशी संबंध नाही एवढं म्हणा आणि कामाला लागा.”

“आहे,” याकोबराव म्हणाले.

पडवीत कुजबुज झाली. “म्हणजे लोकांना बाटवायला लिहिता?”

“नाही.”

“संबंध आहे आणि बाटवत नाही, हे कसं काय?”

“शेठजी, तुम्ही हा दवाखाना पुण्य म्हणून काढलात. रोग्याला तुम्ही पुण्य पाजत नाही, औषधच देता. पण ते पुण्य मनातून काढून टाका म्हटलं, तर उद्या दार उघडाल?”

अध्यक्षांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, “बरं. मधला मार्ग काढू. पट्टी कोरी लावा आणि डोळे मिटणं इथे बंद. राहा मग.”

याकोबरावांनी विचार केला. मला वाटलं, सुटलो. ते म्हणाले, “कोरी लावीन. कागद तुमचा, दवाखाना तुमचा. डोळ्यांचं मात्र जमणार नाही.”

“अहो, तेच तर लोकांना दिसतं!”

“आँखेंच मूंदता है ना साब,” उस्मानचाचा अंगणातून ओरडले, “जेब थोडीच कापतो!”

सगळे हसले. पंचांपैकीही दोघे हसले. तरी निकाल विरुद्ध गेला. महिनाअखेर खोली रिकामी करायची ठरलं. मी मान वर करून कोणाकडे पाहू शकले नाही. मी लिहिलेल्या चार परिच्छेदांनी एका माणसाचं घर उठवलं होतं, आणि माझ्या दुसऱ्या पत्रकाने ते वाचवायला फक्त त्याच्या आयुष्याचा गाभा मागितला होता.

नामपूरकडे एका लहानशा दवाखान्यात त्यांना जागा मिळाली. निघण्याच्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीच्या थांब्यावर गेले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि मांडीवर तुळशीएवढं गुलाबाचं रोप घेऊन बसलेल्या रूथबाई. त्या माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “हीच का ती पत्रकवाली? अहो, ही तर पोर आहे.”

मी म्हणाले, “मी तिसरं पत्रक काढणार आहे. दोन्ही चुकीची होती असं लिहिणार आहे.”

“काढा,” याकोबराव म्हणाले. “पण आधी एक विचारू? आजवर तुम्हीच विचारत होतात, माझी पाळी आलीच नाही.”

“विचारा.”

“दोन्ही पत्रकं मी नीट वाचली. तुमचा कशाकशावर विश्वास नाही ते चांगलं समजलं. सकाळी उठून तुम्ही कशाच्या जोरावर कामाला लागता, ते कुठे सापडलं नाही.”

“न्यायाच्या,” मी ताडकन म्हणाले. “समतेच्या.”

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. “चांगले शब्द आहेत. मग त्यांचं नाव घेता रोज? की कोणावर रागावलात तरच?”

ड्रायव्हरने पुढे जाऊन हँडल फिरवलं, मोटार थरथरायला लागली. रूथबाई म्हणाल्या, “पुरे हो. रडवाल पोरीला.” याकोबराव म्हणाले, “रडत नाहीये ती. शोधते आहे.” आणि मोटार निघाली.

तिसरं पत्रक मी काढलं, स्वतःचं नाव घालून. वडिलांनी वाचून सांगितलं की यात जोर नाही. ते मी कोणाकडे न देता स्वतः वाटलं. मेन रोडवर एका ओळखीच्या गृहस्थाने विचारलं, “काय गं, ख्रिस्ती झालीस की काय?” मी ‘नाही’ म्हणाले, आणि तेच खरं आहे. आजही मी त्यांच्या देवळात जात नाही. पण सकाळी टाक दौतीत बुडवण्याआधी, ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याचं नाव मी मनात घेते, कोणाचा राग आलेला असो वा नसो. पुष्कळदा ते नाव सापडतं. कधीकधी आत कितीही शोधलं तरी फक्त राग हाती लागतो. त्या दिवशी मी काही छापायला देत नाही.