केतकीची सही

हिरामावशी मालिका कधी बसून बघत नसे. साडेसात वाजले की पदर कमरेला खोचून ती माझ्या टीव्हीसमोर उभी राहायची आणि कुणी कारस्थान करायला लागलं की दोन पावलं पुढे सरकायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, बसा की जरा." माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "भांडन चाललंय, मॅडमबाय. भांडनात बसतंय कोन?"

पनवेलच्या कडेला तिचं सासरचं गाव होतं. आता तिथे आमची सोसायटी आहे. ती मुलगा-सुनेबरोबर तळमजल्यावर राहायची आणि मी, शाळेतून निवृत्त झालेली एकटी बाई, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या घरी मुलगा मॅच लावून बसायचा, म्हणून ती जिने चढून माझ्याकडे यायची. गुडघ्यांचं रडगाणं तिने कधी सांगितलं नाही. तिला फक्त केतकीची, म्हणजे त्या मालिकेतल्या नायिकेची काळजी असायची.

तिचे तर्क ऐकण्यासारखे होते. केतकीच्या सासूला लकवा झाला तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळत होता. हिरामावशी म्हणाली, "सोंग हाय. लकव्याच्या हातात रोज साडीच्या रंगाच्या बांगड्या कशा? सून दिसभर हापिसात. घालतंय कोन?" तीन आठवड्यांनी सासू खडखडीत चालू लागली. मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर तेव्हापासून मी तिचे तर्क टाकू लागले. ती सांगायची, मी टाइप करायचे, खाली 'हिरामावशी, पनवेल' असं लिहायचे. मग ती वाचून दाखवायला लावायची आणि माझीच हजेरी घ्यायची. "मी 'नाय' बोल्ली, तुमी 'नाही' कशाला लिवलं? मी भांडतेय, शाळेत जात नाय."

मग तो सहीचा भाग आला. केतकीचे वडील वारले आणि भावाने तिच्यापुढे वडिलांच्या जमिनीचं हक्कसोड पत्र ठेवलं. योगायोग असा की त्याच महिन्यात आपट्याहून, माझ्या माहेरच्या गावाहून, धाकट्या भावाचा निरोप आला होता. नदीकाठची वडिलांची वाडी आणि घर त्याच्या एकट्याच्या नावावर करायचं होतं. "ताई, तुला काय करायचंय तिथे? फक्त सही. माहेर तर तुझंच आहे." त्याने पाठवलेला मसुदा मी कपाटात ठेवला होता. सही करायची हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. भावाला नाही म्हणणाऱ्या बहिणीला लोक काय म्हणतात ते मला पुरतं ठाऊक होतं. हिरामावशीला हे सांगितलं तेव्हा तिने पुढे होऊन टीव्हीचा आवाज वाढवला, आणि ते मला बोचलं.

मालिकेत केतकीने सही केली. घरी, देव्हाऱ्यासमोर, समईच्या उजेडात. भाऊ रडला, भावजय रडली, सासूसुद्धा रडली. अख्खा भाग त्यातच गेला. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. 'त्यागमूर्ती केतकी', 'अशी बहीण सगळ्यांना मिळो'. हिरामावशी मात्र खूश. "लिवा, मॅडमबाय. ही सही चालत नाय. घरी सही करून हक्क सुटत नाय. रजिस्टर हापिसात जावं लागतंय. फोटो काढतात, अंगठा घेतात, सायेब समोर बसवून इचारतो. केतकीला समदं म्हाईत हाय. भावाला गाफील ठेवाया तिनं मुद्दाम घरी सही केलीय. आता बघा कशी फिरवतेय ती."

मी जसंच्या तसं लिहिलं, 'नाय'सकट. अर्ध्या तासात लोक तुटून पडले. 'आजी, मालिका बघा, वकिली नको.' 'बहिणींनाच जमिनीची हाव सुटली की घरं मोडतात.' एकाने लिहिलं, 'म्हातारीला स्वतःचा वाटा हवाय वाटतं.' माझं डोकंच फिरलं. पस्तीस वर्षं मी मुलांची उत्तरं तपासली, पण इतकी बिनडोक उत्तरं एका पानावर कधी पाहिली नव्हती. मी माझ्या नावाने एकेकाला खरमरीत लिहिलं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी आम्हा दोघींचीच हकालपट्टी केली. 'कृपया सकारात्मक राहा' म्हणे.

हिरामावशीला त्याचं काही नव्हतं. ती वाट बघत राहिली. रोज जाताना म्हणायची, "आज नाय फिरवली. उद्या फिरवंल." असे चार महिने गेले. शेवटच्या भागात केतकीने भावाला ओवाळलं, त्याच जमिनीवर बांधलेल्या त्याच्या नव्या बंगल्यात. संपली मालिका.

हिरामावशीने पुढे होऊन टीव्हीचं बटण बंद केलं. "म्हंजे ती सही खरी होती," ती म्हणाली. "लिवणाऱ्याला म्हाईतच नवतं. मी समजली केतकी हुशार हाय. हितं लिवणाराच अडाणी."

"जाऊ द्या मावशी, मालिका आहे," मी म्हटलं.

"का जाऊ द्या?" ती माझ्यावरच उखडली. "मना हापिसात नेलं होतं भावानं. बोल्ला, आत्याच्या कागदावर साक्षीदार पायजे, चल. रिक्षातून नेलं, थंडा पाजला. सायबानं इचारलं, 'स्वखुशीने ना?' मना वाटलं, 'खुशाल ना?' इचारतोय. मी मनात बोल्ली, सायेब असून गरिबाची खुशाली इचारतोय, भला मानूस हाय. मी बोल्ली, 'खुशाल हाय बाबा. तुमी खुशाल?' समदे हसले. भाव पन हसला, मॅडमबाय. त्याला कळलं होतं मना काय ऐकू आलं ते. तो हसला आनि माजा अंगठा धरून त्या काचेवर ठेवला."

विमानतळाच्या बाजूच्या वडिलांच्या जमिनीवर भावाचा बंगला उठला तेव्हा तिला कळलं, आपण कसल्या साक्षीला गेलो होतो ते. भावाशी ती भांडली नाही. सगळं भांडण तिने माझ्या टीव्हीसमोर उभं राहून केलं. दारात थांबून ती मला म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला इचारलं तं समजंल काय इचारतात ते. सही द्या नायतर नका देऊ. पन लाजंखातर देऊ नका."

त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली. सकाळी चहा पिता पिता, कुणाला हाक मारायलाही वेळ न देता. दुपारी मोठ्या गाडीतून तिचा भाऊ आला, रीतीप्रमाणे बहिणीच्या अंगावर घालायला माहेरचं लुगडं घेऊन. भारी, जरीचं. ते घालून झाल्यावर तो डोळे पुसत जमलेल्या लोकांना सांगू लागला, "अशी बहीण मिळत नाय. स्वखुशीने सगळं सोडलं माझ्यासाठी. एका शब्दानं कधी बोलली नाय." बायका माना हलवत होत्या. कुणीतरी 'त्याग' म्हणालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "साहेब खुशाली विचारतोय असं तिला वाटलं होतं. तुम्हाला कळलं होतं ते, आणि तुम्ही हसला होतात." त्याचा चेहरा पडला. सगळे माझ्याकडे बघू लागले. हिरामावशीचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आज नको." त्याचं बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसले. पण त्या गप्प बसण्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. तसाच 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्या ग्रुपवरच्या बाईंवरचा आणि केतकीच्या सहीवर पैसे कमावणाऱ्या त्या लेखकावरचाही गेलेला नाही.

तिला नेल्यावर मी वर आले आणि हातपाय धुऊन आपट्याला फोन लावला. भावाला म्हटलं, "मी सही करणार नाही."

तो म्हणाला, "मग भाऊबीजेला यायचं नाही असंच ठरवलंयस का?"

"का येणार नाही?" मी म्हटलं. "माझंही घर आहे ते."