गावंडे सरांचा तुपाचा धडा

प्रा. त्र्यंबक गावंडे सरांची आणि माझी पहिली ओळख एका बाटलीमुळे झाली. मी सुलतानपूरहून बुलढाण्याला शिकायला आले होते. प्राणिशास्त्राच्या पहिल्याच तासाला सर पाणी आणि सरकीचे तेल भरलेली बाटली घेऊन आले. कितीही हलवली तरी तेल पुन्हा वर येई. मग त्यांनी खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे पित्त तीत ओतले, बाटली हलवली, आणि पाणी दुधासारखे पांढरे झाले. अर्ध्या मुलींनी नाकाला ओढणी लावली. त्यांत मीही होते.

सरांची एक रीत होती. शिकलेला धडा शनिवारी घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सांगायचा आणि त्या माणसाचा एक प्रश्न सोमवारी वर्गात आणायचा. मी आईला सांगितले, पित्तामुळे तेलाचे बारीक थेंब होतात, पाचकरस त्यांचे आणखी तुकडे करतात, ते आतड्याच्या पेशीत शिरतात आणि पेशी त्यांची पुन्हा चरबी बनवते. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मोडाचंच होतं, तं परत जोडाचं काऊन?"

सोमवारी सर म्हणाले, "मला ठाऊक नाही. आईंना सांगा, वाचून कळवतो." शिक्षकाच्या तोंडून असे मी तोवर ऐकले नव्हते. आठ दिवसांनी उत्तर आले. तुकडे झाल्याशिवाय चरबीला पेशीत येता येत नाही आणि बांधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटी होते, पण गाडीत भरायची तर प्रेसमध्ये तिची गाठच बांधावी लागते; तशी पेशी चरबीला प्रथिनाचे वेष्टण घालते आणि मग ती लसिकावाहिन्यांतून रक्तात जाते. आमचे घर कापसाचेच, त्यामुळे आईला ते लगेच पटले.

पुढे मी शिक्षिका झाले. बीटी कपाशी आली, अळी गेली असे वाटले, मग पिके पुन्हा बुडू लागली. माणसे हवालदिल झाली होती. काहीही बिघडले की खापर बीटीवर फुटे. सर तेव्हा गावोगाव आरोग्यावर बोलत. डोणगावला कुणीतरी विचारले, लेकरे अंग धरत नाहीत, काय द्यावे? सर म्हणाले, "रोज चमचाभर तूप."

ते ऐकायला माझी मोठी बहीण सुनंदाताई एका वर्षाच्या लेकीला, पूर्वाला, घेऊन बसली होती; डोणगाव तिचे सासर. तिने चमच्याचे दोन चमचे केले. पूर्वा मात्र वाळतच गेली. तिच्या सासूबाईंनी ठरवले, म्हैस बीटीच्या सरकीची ढेप खाते, तिचेच तूप बाधते. म्हैस विकली, तूप विकत आणले, तरी फरक नाही. मग त्या ताईवर घसरल्या, "हेच पोरीले उपाशी ठेवते."

मी सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "शी चिकट असते का? पाण्यावर तरंगते का?" मी हो म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. "तूप आजच बंद करा. मी डॉक्टर नाही, उद्या औरंगाबादला जाऊ." एसटीत ते स्वतः आमच्याबरोबर बसले. तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला. पेशी चरबीने ठासून भरल्या होत्या. दोष जन्मजात आणि फार क्वचित आढळणारा. डॉक्टर म्हणाले, चरबीबरोबरच अंगी लागणारी जीवनसत्त्वे पोरीला मिळत नव्हती; आणखी उशीर झाला असता तर तिची नजर गेली असती. त्यांनी जीवनसत्त्वे, गाठ न बांधताही रक्तात जाणारे वेगळे तेल आणि बिनतुपाचा आहार लिहून दिला.

सरांना तिथून थेट बुलढाण्याला जाता आले असते. ते डोणगावला उतरले आणि सासूबाईंसमोर ओसरीवर बसले.

"माय, म्हशीचा दोष नाही, बीटीचा नाही, अन् तुमच्या सुनेचा तं नाहीच. पोरीच्या आतड्यात जिन चालू हाये, प्रेस बंद हाये. गाठच बांधल्या जात नाही, तूप आतच साचून राह्यलं. अन् तूप द्या म्हणून मीच सांगून गेलो होतो. चूक माही हाये."

सासूबाईंनी रिकाम्या गोठ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मास्तर, म्हैस तं गेली ना!"

"हाव, गेली."

"सुनंदा, मास्तरले चहा दे," त्या आत वळून म्हणाल्या, "अन् तूही घे."

त्यानंतर सर कुणालाही खाण्याचा सल्ला देण्याआधी शी कशी होते ते विचारू लागले. लोक हसत, मागून नावे ठेवत. आम्हा विद्यार्थ्यांना राग येई. सरांना कधीच आला नाही. मला त्यांचा अभिमान वाटतो तो याचसाठी.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. पूर्वा महाविद्यालयात शिकते. सरांच्या या गौरवग्रंथाची मुद्रिते तिनेच तपासली आहेत, तीही चष्म्याशिवाय.

सर, तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. आमच्याकडच्या प्रत्येक पंगतीत तुम्ही पूर्वाच्या शेजारी बसता आणि वाढप्याला हात आडवा करून सांगता, "हिले तूप नको." ते काम आम्हालाही जमेल, पण आणखी पुष्कळ वर्षे ते तुम्हीच करावे.