कानबाईच्या रविवारी झोपलेला ओठ

"घसा आपला, गाणं देवीचं, मध्ये कुणी यायचं नाही," असं बायडाबाई नेहमी म्हणायची.

सिल्वासाजवळच्या सायलीत, कारखान्यांच्या मागच्या चाळीत, खानदेशातून आलेली वीस-बावीस घरं होती. दर श्रावणात तिथे त्यांची देवी कानबाई बसायची. पाटावर नारळ, नारळाला नथ आणि टिकली, अंगावर नवं वस्त्र, आणि समोर बायकांची गाणी. ती गाणी पाठ होती एकट्या बायडाबाईला. तिनं उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. कुणी शिकव म्हटलं, की ती सून दुर्गाकडे बघून म्हणे, सिल्वासात जन्मलेल्या पोरींना गरबा येतो, तेवढं पुष्कळ आहे.

यंदा कानबाई बसायला एक दिवस उरला आणि तिची खालची डावी दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, मिश्री झाली. रविवारी सकाळी गाल तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला. गाणी दुपारी चारला. दुर्गाने तिला रिक्षात घातलं आणि सिल्वासात दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर धनश्री कोकणातली, हाताने हलकी, बोलायला मऊ. दाढेच्या आत पू झालाय, दाढ उघडून साफ करावी लागेल, असं तिनं सांगितलं. त्याआधी खालचा जबडा बधिर करायचा. सुई दाढेला नाही. पार मागे, गालाच्या आत, जिथून नस जबड्यात शिरते तिथे. मग अर्धा ओठ, हनुवटी आणि जिभेची एक कड झोपणार. बायडाबाईने सुईचं काही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, की ओठ उठणार कधी. दोन-तीन तासांनी, कधी चारही लागतात, असं उत्तर आलं. घड्याळात बारा वाजत आले होते.

वाफ्याला पाणी कमी दिलं की वाफा लवकर सुकतो, हे बायडाबाईला जन्मापासून ठाऊक. तिनं खुर्चीतच बेत केला.

सुई झाली. थोड्या वेळाने डॉक्टरने विचारलं, ओठ जड झाला का. ओठावर तर आत्ता कुठे मुंग्या चढू लागल्या होत्या. "दगड झाला," बायडाबाई म्हणाली.

डॉक्टरने बारीक टोकाने हिरडी टोचून पाहिली. बायडाबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण पायांची बोटं आवळली गेली आणि जोडवी एकमेकांवर वाजली.

"मावशी, तोंड काहीही सांगू दे," डॉक्टर म्हणाली, "पाय खरं बोलतायत."

मग सगळं बाहेर आलं: कानबाई, चार वाजता, गाणी, आणि कमी औषधाचा बेत. डॉक्टर हसली नाही. अर्धवट बधिर असताना दाढ उघडली तर काम मध्येच सोडावं लागेल, आणि मग आठवडाभर तोंडातून शब्द निघणार नाही, असं तिनं समजावलं. शेवटी बायडाबाई म्हणाली, "द्या दुसरी. देवी बघून घेईल."

दुसऱ्या सुईनंतर ओठ खरंच परका झाला. तिनं बोट लावलं. बोटाला ओठ कळला, ओठाला बोट कळलं नाही. दाढ कधी उघडली, कधी साफ झाली, पत्ता लागला नाही.

चार वाजले. कानबाई नथ घालून बसली, बायका जमल्या. बायडाबाईने दम घेतला आणि पहिली ओळ उचलली. शब्द ओठाच्या डाव्या काठावरून लाळेसकट घसरला. तिनं पदराने पुसलं, पुन्हा उचलली, पुन्हा तेच.

"कानबाईच्या दिवशी पिऊन आली का गं ही?" शेजारची वासंती म्हणाली, आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या.

बायडाबाईचे डोळे भरले. बावीस श्रावणांत देवी कधी मुकी बसली नव्हती. तिनं एकेकीकडे पाहिलं. पहिली ओळ समोरच्या कुणालाच येत नव्हती.

तेवढ्यात मागून, नैवेद्याच्या रोटाची कणीक मळता मळता, दुर्गाने ओळ उचलली. आवाज लहान, पण चाल पक्की. बायकांनी झेलली. दुसरं गाणं आलं, तिसरं आलं. नऊ वर्षं ही पोर पाठमोरी बसून ऐकत होती, हे सासूला आज कळलं.

तिसऱ्या गाण्यात देवी तापीवर न्हायला निघते. दुर्गाने तापी पाहिली होती ती फक्त एसटीच्या खिडकीतून. तिच्या तोंडून निघाली इथली दमणगंगा. बायडाबाई ताडकन उठली, हात हलवत तापी, तापी सांगू लागली. निघाला नुसता फेस. बायकांना वाटलं, म्हातारी रंगात आली. त्यांनी दमणगंगा आणखी जोरात धरली.

साडेपाचला ओठ उठला. तोवर दुर्गाला येत होती ती गाणी संपली होती. सगळ्या शिव्यांची वाट बघत होत्या.

"आई, चुकलं का?" दुर्गाने विचारलं.

"चुकलं," बायडाबाई म्हणाली. तिनं देवीकडे पाहिलं. "पण उद्या हिला बुडवायला तापीवर कोण नेतंय? राहू दे तीच नदी. आणि चौथं गाणं लांबलचक आहे, ते तुला मी शिकवेन."

सोमवारी सकाळी बायडाबाईने देवीचा पाट डोक्यावर घेतला. दुर्गाची कामावर सकाळची पाळी होती. गळ्यात कार्ड घालून ती कारखान्याच्या गेटवर रांगेत उभी होती. मिरवणूक समोरून गेली. रांग पुढे सरकली, मागच्या बाईने ढोसलं, तरी दुर्गा मान वळवून बघत राहिली. सासू एका हाताने पाट सावरत, मोठ्याने दमणगंगेची ओळ गात, नदीच्या वळणावर दिसेनाशी झाली.