डाव्या दिव्यातला जुना प्रोजेक्टर

मंडळी, आज दुपारचा प्रकार सांगते. तुमचं मत हवंय.

निघोजे गावातल्या कंपनीतून रात्री घरी येताना समोरच्या ट्रेलरच्या उजेडात मला रस्ताच दिसत नाही. म्हणून आज सुट्टी टाकली आणि पिंपरीतल्या एका दुकानात गाडीच्या हेडलाइटमध्ये प्रोजेक्टर, म्हणजे उजेड नीट लांब फेकणारी भिंगं, बसवून घ्यायला गेले.

दुकानदार दोनदा म्हणाला, "ताई, घरी जाऊन या, वेळ लागेल." मला ते खटकलं, मी बसून राहिले. तो दोन्ही दिवे आतल्या खोलीत घेऊन गेला आणि दार ओढून घेतलं.

काम झाल्यावर भिंतीवर उजेड पाडून पाहिला. डावा दिवा मंद, पिवळसर होता.

"सुरुवातीला असं वाटतं, ताई."

"मग उजव्याचं तसं का नाही?"

तो दिवा काढून आत निघाला, तशी मीही मागोमाग गेले. काच उघडली तर आतला प्रोजेक्टर ओरखडे पडलेला, जुना.

"चुकून डेमोचा लागला," म्हणाला. माझ्यासमोर नवा बसवला, माफीही मागितली.

चूक असेलही. पण उजवा दिवा त्यानं दाराआडच बसवलाय आणि आता तो काच चिकटवून सील झालाय, आत नवाच आहे का ते दिसत नाही. तुम्ही असता तर तोही उघडायला लावला असता का?