पांदणीतल्या उतारावर

हे माझ्या बायकोला माहीत नाही. ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, त्यालाही माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे. का, ते विचारू नका. मलाही ते नीट कळलेलं नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलणं मला सोपं जातं.

यवतमाळला माझं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी उलटल्यावर मी एक मोठी मोटरसायकल घेतली. दगडधोंड्यांतून, कच्च्या रस्त्यांवरून लांब लांब जाण्यासाठी असते तशी. उंच, रुंद आणि जड. अशी गाडी चालवणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते तिला थांबवणं. उभ्या गाडीचा तोल एका बाजूला जरा जास्त गेला की ती तुमचं ऐकत नाही, सरळ आडवी होते. म्हणून ती उचलायची कशी हे मी नागपूरला जाऊन शिकून आलो. आधी इंजिन बंद करायचं. मग गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, सीटला पाठ टेकवून खाली बसायचं आणि पाठीला वाकू न देता, पायांच्या जोरावर, हळूहळू मागे सरकत उभं राहायचं. आणि गाडी उताराच्या बाजूला पडली असेल, तर आधी ती जमिनीवरच ओढून फिरवून घ्यायची. उताराकडून कोणीही तिला हात लावायचा नाही. कोणीही नाही.

हे मी इतरांना शिकवतो. आमच्या गाडीवाल्यांचा एक गट आहे, त्यात दर वेळी मीच गाडी पाडून दाखवतो आणि मीच उचलतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

विलासभाऊ माझ्या बायकोचे थोरले भाऊ. मारेगावला राहतात. तेव्हा त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. आसपासच्या गावांतलं लग्न असो की बारसं, मंडप त्यांचाच. लोखंडी पाइपांची मोळी खांद्यावर घेऊन ते शिडी चढत तेव्हा मी खाली उभा राहून बघायचो. मला ते आवडत होते? हो. बहुतेक तेही मला मान देत होते. वयानं मोठे असून मला भाऊजी म्हणायचे, जेवताना माझ्या ताटाकडे लक्ष ठेवायचे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं आहे.

त्या दिवशी आम्ही दोघं नवराबायको तिच्या माहेरी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली. विलासभाऊंना शेतावर एक चक्कर मारायची होती. मी म्हणालो, चला, माझ्या गाडीवर जाऊ. त्यांनी आपली जुनी मोटरसायकल दाखवली. पांदणीनं तीच बरी, म्हणाले. मी ऐकलं नाही. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट, दोन्ही बाजूंना झुडपं, मध्ये वाळलेल्या काळ्या मातीतल्या चाकोऱ्या. असल्या वाटेसाठीच तर ही गाडी घेतली होती ना मी?

नाल्याजवळ वाट खाली उतरते. तिथे मी थांबलो. शेजारच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या, त्या आमच्याकडे बघत होत्या. विलासभाऊ मागून उतरले. मी न्यूट्रल केलं, इंजिन बंद केलं आणि डावा पाय टेकवायला गेलो. पायाखाली जमीन नव्हती. चाकोरीची कडा होती, बस. गाडी उताराकडे गेली. मी कसाबसा बाजूला झालो. बायका हसल्या.

एवढंच. त्या हसल्या, एवढंच झालं. माणूस एवढ्यासाठी काय करू शकतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

विलासभाऊ म्हणाले, “थांबा भाऊजी, मी दोघा-चौघांले आवाज देतो.”

आणि मी म्हणालो — 

मी म्हणालो, “कायले? तुम्ही या खालून. खांदा लावा. मी वरून ओढतो.”

ते आले. काहीही न विचारता आले. गाडी माझी, शिकून आलेला मी, ते का विचारतील? उताराच्या बाजूनं हँडलखाली त्यांनी खांदा घातला. मी वरच्या बाजूला उभा राहून उजवं हँडल आणि मागचं कॅरिअर धरलं. गिअर टाकला नव्हता. गाडी फिरवून घेतली नव्हती. डोळे त्या बायकांकडे होते. गाडी निम्मी वर आली. मग चाक फिरलं, गाडी पुढे सरकली आणि सगळा भार खाली जायला लागला. माझा बूट ढेकळावरून घसरला. हँडल मला ओढत होतं.

मी सोडलं. दोन्ही हातांनी सोडलं.

त्यांनी सोडलं नाही. तेच मला कळत नाही. सोडून बाजूला उडी मारायला हवी होती, पण ते गाडी धरून राहिले. भाऊजीची गाडी मोडेल म्हणून असेल. कंबर पिळल्यासारखी वळली आणि ते खाली बसले. ओरडले नाहीत. गाडी त्यांच्या पायावर आली. मी तिथेच उभा होतो. कापूस वेचणाऱ्या बायका ओट्यांतला कापूस टाकून धावत आल्या, आणि त्यांनी गाडी विलासभाऊंवरून ओढून काढली.

यवतमाळच्या दवाखान्यात नेताना मी भाड्याच्या जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मध्येच डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, “मीच घाई केली काय, भाऊजी?”

मी म्हणालो, “हो.”

का म्हणालो? समोर माझी बायको बसली होती. ती ऐकत होती. दुसरं काही कारण सापडलं असतं तर मी तुम्हाला दिलं असतं.

त्या एका शब्दाचं पुढे आपोआप होत गेलं. बायकोनं आईला सांगितलं, आईनं गावाला. मी नको नको म्हणत असताना म्हणे विलासनं अंगात ताकद आहे म्हणून गाडीखाली खांदा घातला. मला काही बोलावंच लागलं नाही. मणक्याचं ऑपरेशन झालं. उजवा पाय घोट्याखाली बधिर राहिला. चालता चालता चप्पल मागे पडते आणि त्यांना कळत नाही. मागून येणारं कोणीतरी सांगतं, तेव्हा ते थांबतात. मंडपाचं सामान विकून टाकलं. आता आपल्या बायकोच्या भावाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतात. दर भाऊबीजेला ओवाळताना बायको त्यांना म्हणते, “यांचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, दादा.” ते मान खाली घालून हसतात. मीही तिथेच बसलेला असतो, हातात फराळाची ताटली घेऊन.

अजून आहे. आमच्या गटात गाडी उचलायला शिकवताना मी त्यांचं उदाहरण देतो. नाव घेत नाही. माझे एक नातेवाईक, म्हणतो. सांगितलेलं ऐकलं नाही, उताराकडून हात लावला. नवे लोक गंभीर होतात. नीट लक्ष देऊ लागतात. शिकवायला ते फार उपयोगी पडतं.

पण मला सांगायचं होतं ते हेही नाही. इथवर मी स्वतःची समजूत घालू शकत होतो. बूट घसरला. घाबरलो. बायको समोर होती. एकदा निघालेला शब्द मागे कसा घ्यायचा? असं बरंच काही. ते सगळं यंदाच्या उन्हाळ्यात संपलं.

तपासणीसाठी विलासभाऊंना मी आदल्या दिवशी कारनं यवतमाळला आणलं होतं आणि मारेगावला परत सोडायला निघालो होतो. दोघंच होतो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंनी नांगरलेली वावरं. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले,

“भाऊजी, एक विचारू? राग नका मानू.”

“विचारा ना.”

“मले कधी कधी सपन पडते. त्यात तुम्ही म्हणता, या खालून, खांदा लावा. अगदी तुमचाच आवाज. मंग जाग येते. असं काहून पडत असंन?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. आरोप तर नव्हताच. ते खरंच विचारत होते. डोक्यात काही बिघडलं आहे का, हे ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला विचारावं, तसं विचारत होते. त्यांची बायको गाडीत नव्हती, माझी नव्हती. कोणी हसणार नव्हतं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि कुठेही काही घसरत नव्हतं. मला हवा तेवढा वेळ होता. मी तो घेतलासुद्धा. समोरून येणारी एसटी जाऊ दिली. मग बोललो.

“सपनच हाय ते, विलासभाऊ. इतकं दुखलं, तर मन काहीही दाखवते.”

“हो ना,” ते म्हणाले. “मलेही तसंच वाटलं. उगाच तुमच्यावर आळ.” आणि त्यांनी माझी माफी मागितली. माझ्या मांडीवर हात ठेवून. “मनात ठेवू नका, भाऊजी.”

मी म्हणालो, नाही ठेवत.

पुढचा सगळा रस्ता आम्ही यंदा कोणतं बियाणं लावायचं यावर बोलत गेलो. माझा आवाज नेहमीसारखाच होता. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी ताक आणून दिलं. मी ते प्यालो, आणखी थोडं मागितलं, आणि उन्हं चढायच्या आत परत निघालो.