लिऑनमध्ये उचललेला फोन

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही—ज्यांच्याबरोबर एकोणतीस वर्षं संसार केला, त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? कोण जाणे.

संग्रामपूरला आमचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. बीटी कपाशीचं बियाणं खूप खपलं, म्हणून एका कंपनीनं त्या वर्षी आम्हा दोघांना युरोप दाखवायला नेलं. पॅरिसला जाताना वाटेत एक दिवस लिऑनला मुक्काम होता. तिकडं ऐन उन्हाळा. भर दुपारी माणसं नदीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेली, कोणी वाजवतंय, म्हातारी जोडपी नाचताहेत. आणि हे—गावात कायम माझ्या चार पावलं पुढं चालणारे—यांनी तिथं माझा हात धरला. मग बोटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

तो वाजला. शकिला होती. तिचा नवरा सत्तारभाई आमच्या वरवट बकालच्या शेतात फवारणी करायचा. बीटीवर अळी येत नाही, असं आम्हीच सगळ्यांना सांगितलेलं. तरी ती आली. तेव्हा यांनी दोन औषधं मिसळून एक बिनचिठ्ठीची बाटली त्याच्याकडं देऊन ठेवली होती.

"भाभी, भाऊले फोन द्या ना! फवारता फवारता याईले चक्कर आली, पडले. डॉक्टर इचारून राह्यले, बाटलीत कोन्तं औषध व्हतं म्हून."

हे माझ्यापासून दहा पावलांवर होते. दहाच. आणि मी काय म्हणाले?

"ते बाहेर गेले. आले की सांगते."

फोन नुसता ठेवला नाही—बंदच करून टाकला. बोट सुटायची होती, हे हसत हात हलवत होते. मला तो एक तास हवा होता. इतकंच. तास संपला, मग कसं सांगणार? आधी का नाही सांगितलं, म्हणाले असते. संध्याकाळही तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी पॅरिसला मी फोन परत चालू केला, तसा दिरांचा फोन आला. सत्तारभाई गेले.

हे पलंगावर बसून राहिले. "मले काऊन कोनी फोन नाही केला?"

"रेंज नसंल," मी म्हणाले.

परतल्यावर आम्ही वरवटला शकिलाच्या घरी गेलो. फोन बंद ठेवून मजा मारत होते, असं अंगणातली माणसं यांच्या तोंडावर बोलली. यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. फोन मी उचलला होता, हे तिथं दोघींनाच ठाऊक—मला आणि शकिलाला.

ती उठली. आतून तांब्या घेऊन आली.

"लय दुरून आल्या, भाभी. पानी घ्या."

मी ते पाणी प्यायले.